बंगळूरची तिंडी: शंकरपुरम ते जयनगर

गुरुवार

दुपारी मिरजेत राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली की सकाळी बंगळूर. बेळगाव उजेडात जातं, हुबळीला जेवणाचे डबे उघडतात आणि डोळा लागतो तो तुमकूरच्या आसपास कॉफीवाल्याच्या हाकेनंच उघडतो. जानेवारी असल्यामुळे स्टेशनाबाहेर चांगलीच हुडहुडी भरली. भाची न्यायला आली होती. नोकरीच्या निमित्तानं ती इथे आली आणि जयनगरात रुळली. तिच्या कन्नडला आता इथला हेल आला आहे. माझी कन्नड मिरजेच्या बाजारात कानावर पडून आलेली, पण खाण्यापिण्यापुरती पुरते.

"मावशी, घरी नंतर जाऊ. आधी तिंडी," ती म्हणाली.

सकाळच्या न्याहारीला इथे तिंडी म्हणतात, आणि ओळखीची माणसं भेटली की पहिला प्रश्न तोच: "तिंडी आयता?" झाली का न्याहारी? या खेपेला माझं कामच ते होतं. एम. टी. आर. हे जुनं, नावाजलेलं उपाहारगृह पूर्वी पाहिलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली त्यांच्याकडे जन्मली असं ते सांगतात. मोठं ठिकाण आहे, आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण तिथे पोचतोच. मला जायचं होतं ते आसपासच्या आळीतली माणसं रोज सकाळी जिथे जातात तिथे.

मॅजेस्टिकहून मेट्रोची हिरवी मार्गिका धरली, नॅशनल कॉलेजला उतरलो आणि शंकर मठाच्या बाजूनं चालत शंकरपुरम गाठलं. झाडांची गर्द सावली, जुने बंगले, दारात रांगोळ्या. कोपऱ्यावर माणसांचा घोळका दिसला की समजायचं, ब्राह्मिन्स कॉफी बार आलं. १९६५ पासूनचं हे ठिकाण. आत बसायला जागा नाही, टेबलं नाहीत. इडली, वडा, खारा बात, केसरी बात, आणि वर कॉफी किंवा चहा, बस्स. सांबार इथे मिळत नाही. मागायचंही नाही, कारण चटणी आहे.

चटणीविषयी थोडं सविस्तर सांगते. ताटलीत दोन इडल्या आणि एक वडा घेऊन आपण बाजूला सरकतो. तिथे एक माणूस चटणीचं मोठं भांडं घेऊन उभा असतो. तो डावभर चटणी थेट इडलीवर ओततो. खोबऱ्याची, पांढरट, इतकी पातळ की इडली तिच्यात अर्धी बुडते. पहिल्या घासाला ओल्या नारळाची गोडी लागते आणि हिरव्या मिरचीचा तिखटपणा मागाहून, घशाशी येतो. इडली चमच्यानं तोडली की कडा सुटून येते आणि तोवर तळाचा भाग चटणी पिऊन बसलेला असतो. वडा वरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि त्याच्या भोकात साठलेली चटणी शेवटच्या घासाला मिळते. चटणी संपली की पुन्हा त्या माणसासमोर ताटली धरायची. तो तोंडाकडे बघत नाही, ताटलीकडे बघतो आणि ओततो. कितीही वेळा. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, कपाळावर गंधाची रेघ असलेल्या आजोबांनी इडली संपल्यावर नुसती चटणी घेतली आणि ताटली ओठाला लावून प्यायली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

खारा बात म्हणजे आपला तिखटमिठाचा सांजा, मसाल्याचा आणि सैलसर. केसरी बात म्हणजे केशरी रंगाचा, तुपाचा शिरा. दोन्हींची एकेक मूद एकाच ताटलीत घेतली की तिला इथे चौचौ बात म्हणतात. तिखट घास, गोड घास, पुन्हा तिखट असं खायचं. आपल्याकडे शिरा आणि उपमा दोन्ही होतात, पण एका ताटलीत शेजारी ठेवायचं आपल्याला सुचलं नाही याची मला खरंच चुटपुट लागली.

कॉफी काचेच्या पेल्यात येते. इथे दोघांत एक कॉफी मागायची पद्धत आहे, "बाय टू". एका कॉफीचे दोन पेले करून देतात आणि मागणाऱ्याला कुणी कमी लेखत नाही. न्याहारीनंतर घोटभरच हवी असते, तेवढीच मिळते.

तिथे उभी असतानाच मनात एक गोष्ट पक्की होत गेली. हे ठिकाण पाहुण्यांसाठी मांडलेलं नाही, रोज येणाऱ्यासाठी आहे. पदार्थ मोजके, म्हणून सगळं त्या सकाळचंच. उभ्यानं खायचं, म्हणून लहानशी जागा पुरते आणि माणूस दहा मिनिटांत कामाला लागतो. जो महिन्याचे तीस दिवस येणार आहे त्याला परवडलं पाहिजे आणि त्याच्या पोटाला सोसलंही पाहिजे, म्हणून तेल बेताचं आणि मसाला नेमका. बंगळूरच्या गल्लोगल्ली दिसणाऱ्या 'दर्शिनी' याच हिशोबावर चालतात. आर. प्रभाकर यांनी १९८३ मध्ये जयनगरात कॅफे दर्शिनी काढलं. कूपन घ्या, स्वतः वाढून घ्या, उभ्यानं खा ही रीत तिथून शहरभर पसरली. स्वच्छता, वेग आणि रास्त दर यांचा असा मेळ मी दुसऱ्या कुठल्या मोठ्या शहरात पाहिलेला नाही.

दुपारी घरी विश्रांती. संध्याकाळी बसवनगुडीतला गांधी बझार. इथलं डोशाचं उपाहारगृह, विद्यार्थी भवन, आता सर्वदूर माहीत झालं आहे, पण ते सोडून बसवनगुडीचं वर्णन करणं मला पटत नाही, कारण तिथल्या रांगेत अजूनही निम्मी माणसं चालत आलेली असतात. १९४३ साली आसपासच्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांसाठी निघालं, म्हणून हे नाव. भिंतींवर कन्नड लेखकांची चित्रं आहेत, ती मला फार आवडली. खाणावळीच्या भिंतीवर लेखक असणं ही गोष्ट आपणही उचलावी अशी आहे. धोतर नेसलेला वाढपी एका हातावर डोशांच्या ताटल्यांची चळत खांद्यापर्यंत रचून आणतो आणि एकेक ताटली न डगमगता उतरवत जातो. डोसा जाड, तांबूस, बाहेरून कडक. शुक्रवारी हे बंद असतं, म्हणून गुरुवारी उरकलं.

बाहेर पडून फुलांच्या बाजारातून सुब्बम्माच्या दुकानात गेलो. सुब्बम्मा नावाच्या बाईंनी पापड-मसाले करून विकता विकता १९४८ मध्ये हे दुकान उभं केलं. आजही निप्पट्टू म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कुरकुरीत पुऱ्या, चकल्या, मसाल्याच्या पुड्या घ्यायला शेजारपाजारच्या बायका पिशवी घेऊन येतात. इथले भाजलेले मसाला शेंगदाणे, 'काँग्रेस कडलेकाई', अर्धा किलो घेतले. कढीपत्ता, हिंग आणि मिऱ्याचा वास पुडीतून बाहेर येत होता. रात्रीपर्यंत त्यातले निम्मे उरले.

शुक्रवार

मल्लेश्वरम. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग आला आणि दाट पेठांतून माणसांना बाहेर काढायचं ठरलं. तेव्हा उत्तरेला मल्लेश्वरम आणि दक्षिणेला बसवनगुडी अशा दोन वसाहती आखल्या गेल्या. रुंद रस्ते, नंबरवार क्रॉस म्हणजे आडवे रस्ते, घराला अंगण. दोन्हीकडची जुनी उपाहारगृहं एकाच वळणाची का आहेत, ते यावरून कळतं. मध्यमवर्गीय, बहुतेक शाकाहारी वस्ती, सकाळी फिरून येणारी आणि वर्तमानपत्र वाचत कॉफी पिणारी.

मार्गोसा रोडवर, पंधराव्या क्रॉसजवळ वीणा स्टोअर्स आहे. १९७७ चं दुकान. इथेही पदपथावर उभं राहून खायचं. ब्राह्मिन्सची इडली घट्टसर, तर वीणाची हलकी, हातात धरली तर दबून जाईल अशी. चटणीचा तिखटपणा इथे आधी कळतो. दोन्हींत वरचढ कोण यावर बंगळूरकर भांडतात. मला विचाराल तर इडली वीणाची आणि चटणी ब्राह्मिन्सची. शिवाय इथे शेवयांचा शाविगे बात आणि चिंचेच्या मसाल्याचा पुळियोगरे भात मिळतो. पुळियोगरे जरूर खावा. चिंच, गूळ, तीळ आणि शेंगदाणे यांची चव भाताच्या शिताशिताला लागलेली असते, आणि तो गार झाला तरी बिघडत नाही. एक गृहस्थ ऑफिसच्या डब्यात तोच भरून घेत होते.

सातव्या क्रॉसला सी. टी. आर. आहे. पाटीवर नाव श्री सागर, पण तसं म्हणून पत्ता विचारला तर कुणी सांगेलच असं नाही. लोण्याचा, म्हणजे बेण्णे मसाला डोसा ही इथली ओळख. रांग इतकी होती की भाची म्हणाली, "मावशी, आपण जनताला जाऊ. डोसा तोही तितकाच चांगला." आठव्या क्रॉसवरच्या जनता हॉटेलात लगेच बसायला मिळालं. लाकडी टेबलं, मोकळी हवा, जवळपास राहणारी म्हातारी जोडपी. डोसा गडद तपकिरी, कडेला जाळीदार, आतली बटाट्याची भाजी फारशी मसालेदार नाही. मला तो मनापासून आवडला, आणि शेजारच्या टेबलावरच्या आजी-आजोबांनी एक डोसा दोघांत निवांतपणे खाल्लेला पाहायला मिळाला तो वेगळाच.

संपिगे रोडवर मात्र पाय जड झाले. इथे न्यू कृष्णा भवन होतं. १९५४ पासून चाललेलं, हिरव्या मसाला इडलीसाठी नावाजलेलं. २०२४ च्या डिसेंबरात ते बंद झालं. मागच्या एका फेरीत मी तिथे बसून हिरव्या मसाल्यात घोळलेल्या चिमुकल्या इडल्या खाल्ल्या होत्या. हमरस्त्यावरच्या अशा जागेची किंमत आणि इडलीच्या ताटलीची किंमत यांचा मेळ बसणं दिवसेंदिवस अवघड होत चाललं आहे. मालकांना दोष देता येत नाही. पण असं ठिकाण बंद झालं की चार पदार्थांबरोबर त्या वस्तीची सकाळ जाते, आणि ती दुसरीकडे हलवता येत नाही. म्हणूनच जी ठिकाणं चालू आहेत तिथे मुद्दाम जाऊन खावं, नुसते फोटो काढून फिरू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

दुपारी काडू मल्लेश्वराच्या देवळात गेलो. वस्तीला नाव मिळालं ते याच देवामुळे. मराठी माणसानं इथे मुद्दाम थांबावं, कारण १६६९ च्या शिलालेखात एकोजीराजे भोसले यांनी या देवस्थानाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद आहे. शिवाजी महाराजांचे हे सावत्र भाऊ पुढे तंजावरच्या गादीवर बसले. देवळाच्या आवारात मोठमोठी झाडं आहेत, शांत वाटतं. शेजारीच नंदीतीर्थ. नंदीच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडत राहते. डोशांनंतर तेवढं चालणं बरं पडलं.

शनिवार

सकाळ पेठेत गेली. चिकपेठ मेट्रो स्टेशनाबाहेर पडलं की कापडाची दुकानं, हातगाड्या आणि रेटारेटी. पुण्याच्या पेठांत वावरलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. गर्दीत बसून खाणं जमलं नाही, फक्त कॉफी झाली.

संध्याकाळ विश्वेश्वरपुरमच्या खाऊगल्लीत. सज्जनराव चौकापासची ही गल्ली, तिंडी बीदी, दिवसा झोपलेली असते आणि अंधार पडला की जागी होते. इथे शिरायच्या आधी व्ही. बी. बेकरी. १९५३ ची अय्यंगार बेकरी. हासन जिल्ह्यातल्या अय्यंगार कुटुंबांनी बंगळुरात बेकऱ्यांची परंपरा घातली, तीही अंडं न वापरता. आज शहरात पावलोपावली 'अय्यंगार बेकरी' अशी पाटी दिसते, पण भाजणीचा खरा वास अशा जुन्या ठिकाणीच येतो. कांदा, मिरची, कोथिंबीर मळलेला खारा बन आणि खोबरं-टुटीफ्रुटी भरलेला दिलपसंद घेतला. बन मधून चिरून त्यात लोणी आणि मसाला शेंगदाणे भरतात, तो काँग्रेस बन. लोण्याचा मऊपणा आणि दाण्याचा कुरकुरीतपणा दाताखाली एकदमच येतो. मी त्यापुढे दुसरा केक-बीक घेतला नाही.

जानेवारीत या गल्लीवर अवरेकाईचं राज्य असतं. अवरे म्हणजे आपला वाल, पावटाच. मागडीकडच्या शेतांतून हिवाळ्यात शेंगा येतात. दव पडलं की शेंगेला एक तेलकट वास येतो, हाताला चिकटून राहणारा, आणि बाई शेंग नाकाशी धरून, तो वास असला तरच घेते. दाणे भिजवून बोटांनी दाबून साल काढायची, मग उरते ती हितकिदा बेळे. या सोललेल्या डाळीचा रस्सा, तिचा डोसा, तिचा तळून केलेला चिवडा, सगळं गल्लीत मिळत होतं. मी अवरेबेळे डोसा घेतला. कडू वालाची सवय असलेल्या कोकणी जिभेला हा गोड आणि सौम्य वाटेल. मी देशावरची, मला तो अगदी घरचा वाटला. शेवटी तव्यावरून थेट पानावर आलेली होळिगे, म्हणजे पुरणपोळी, वर तूप. आपल्यापेक्षा पातळ लाटतात आणि तूप सढळ हातानं घालतात.

रविवार

आजवर सगळं शाकाहारी झालं होतं. रविवार राखून ठेवला होता जयनगरच्या आठव्या ब्लॉकातल्या शिवाजी मिलिटरी हॉटेलसाठी.

बंगळुरात 'मिलिटरी हॉटेल' म्हणजे मटण-कोंबडीचं घरगुती वळणाचं हॉटेल. एकेकाळी इथली बहुतेक उपाहारगृहं ब्राह्मणांची, शाकाहारी. सामिष खाणाऱ्यांसाठी वेगळी हॉटेलं निघाली, ती ही. नावातलं मिलिटरी कुठून आलं याबद्दल मराठा शिपायांचं नाव बरेच जण घेतात. तो दुवा काही हवेतला नाही. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेनं इथले राजे केंपेगौडा यांच्याकडून बंगळूर घेतलं आणि पुढे ते शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. राजे इथे राहिले, त्यांच्याबरोबर मराठा कुटुंबं आली आणि त्यांतली कित्येक इथलीच झाली. शिवाजी मिलिटरी हॉटेल अशाच मराठा घराण्याचं आहे. कॉटनपेठेतलं एस. जी. राव मिलिटरी हॉटेलही जुन्या खवय्यांच्या तोंडी असतं.

भाची म्हणाली, "मावशी, बारा वाजायच्या आत पोचायला हवं. इथे दुपार कलली की पातेली रिकामी." पोचलो तर दारात गर्दी होतीच, पण हलत होती. जागा सुटेल तसं अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. घरचे घरचे एकत्र बसू असा हट्ट चालत नाही.

आमच्या समोर सत्तरीचे एक गृहस्थ होते. आमचं बोलणं ऐकून त्यांनी मराठीतच विचारलं, "कुठलं गाव तुमचं?" शब्द ओळखीचे, पण हेल पुरता कन्नड. मिरज म्हटल्यावर चेहरा खुलला. "काका, तुम्ही कुठले?" असं मी विचारलं. "इथलेच," ते म्हणाले, "किती पिढ्या झाल्या ते ठाऊक नाही. घरी मराठी बोलतो, नातवंडं कमी बोलतात." दर रविवारी येतात म्हणाले. काय मागवावं ते त्यांनीच ठरवलं आणि वाढप्याला कन्नडमध्ये सांगितलं. आम्ही मोडता घातला नाही.

मटण बिर्याणी द्रोणात आली. ती केशर-बिर्याणीसारखी रंगीत नसते. रंग हिरवट तपकिरी, पुदिना-कोथिंबिरीचा आणि हिरव्या मिरचीचा. तांदूळ बारीक, बुटका, जीरा सांबा जातीचा, बासमतीसारखा सुटासुटा पडत नाही. मसाला आणि चरबी दोन्ही शोषून प्रत्येक शीत ओलसर राहतं. वाळलेल्या पानाच्या द्रोणात वाफाळता भात पडला की पानाचा थोडा वास त्याला लागतो, आणि हाच वास घरी कितीही प्रयत्न केला तरी येत नाही. मटण हाडासकट, बोटानं सुटेल इतकं शिजलेलं. बरोबर मिऱ्याची चॉप्स, काळपट रस अंगाशी आटलेला. काकांनी सांगितलं की चॉप्सचा रस आधी बिर्याणीत कालवायचा नाही. दोन्ही वेगळे खायचे आणि शेवटचे चार घासच एकत्र करायचे. तसंच केलं. त्यांचं बरोबर होतं.

आम्ही उठलो तेव्हा आतून कुणीतरी "मटण मुगीतु" अशी हाक दिली आणि दारातल्या रांगेतले काही जण कोंबडीवर समाधान मानायला तयार झाले, काही सरळ परतले. संध्याकाळसाठी पुन्हा पातेलं चढवायचं, असा विचार तिथे कुणी करत नव्हतं. जितकं नीट करता येतं तितकंच करायचं, ही शिस्त मला त्या बिर्याणीइतकीच मोलाची वाटली.

गाडी रात्रीची होती, म्हणून चौथ्या ब्लॉकच्या बाजारात कॉफीची पूड घ्यायला गेलो. बंगळुरात वस्तीवस्तीत भाजलेल्या बिया समोर दळून देणारी दुकानं आहेत. दुकानदारानं आधी विचारलं, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळायची भाजलेल्या मुळाची पूड, किती? चिकमगळूर-कोडगूच्या बिया, पीबेरी आणि प्लँटेशन ए निम्म्या-निम्म्या, आणि चिकोरी शेकडा वीस, असं भाचीनं सांगितलं. चिकोरी मुळीच नको म्हणणारे असतात, पण दुधाच्या कॉफीला दाटपणा येतो तो तिच्यामुळेच. गिरणीतून पूड कोमट बाहेर पडली. त्यानं पुडीला हात लावून पाहायला सांगितलं आणि घरी पोचताच डब्यात भरायला बजावलं. फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड हलकेच पसरायची, गच्च दाबायची नाही, उकळतं पाणी ओतून झाकायचं आणि निदान पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. म्हशीचं दूध असेल तर त्यात थोडं पाणी घालायचं, म्हणजे साय कॉफीचा वास झाकत नाही.